सोमवारची छाती

वहिनी, तू घातलेली शपथ मी मोडली. हे आधीच सांगून टाकते, कारण पोटात ठेवून मला पुढं काही लिहिता येणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरीण, आधी पाणी पी, मग बोल. पाणी प्यायले.

तू गेलीस, तुझं पुण्यानुमोदन झालं, त्याच्या नंतरच्या रविवारी मी तुझ्या घरी आले होते. तुझा राहुल दीपनगरला कामावर परतला होता. सून एकटीच घरात कुढत बसली असेल म्हणून मी भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून आणलं, तर ही बाई दाराला कुलूप लावत उभी. केसांना फडकं गुंडाळलेलं, हातात डब्याची पिशवी. मी म्हटलं, मनीषा, आज रविवार ना गं? तर म्हणाली, "हो आत्या, पण मी मुकादमाकडून रविवारचं काम मागून घेतलंय. घरी बसलं की सोमवारी छाती भरते माझी. आई सांगायच्या, हंगामात सुटी घ्यायचीच नाही."

आणि गेली. मी तुझ्या ओट्यावर बसले ती अर्धा तास उठलेच नाही. शेजारच्या बाईंना वाटलं, तुझ्या आठवणीनं रडतेय. त्यांनी चहा आणून दिला. आठवण कसली, वहिनी. तुला जाऊन तीन आठवडे झाले नव्हते आणि तुझं बोलणं त्या पोरीच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडत होतं.

तीस हंगाम तू त्या कापसाच्या जिनात काढलेस. दिवाळी झाली की जिन सुरू, उन्हाळा तापला की बंद. शहरात आता नवी जिनं आली, तिथं नळ्यांतून कापूस आपोआप ओढला जातो. आपलं जिन जुनं, तिथं अजून बायाच सरकी काढायच्या यंत्रापुढं, रेच्यापुढं, उभ्या राहून हातानं कापूस लोटतात. सरकी खाली पडते, रुई पुढं जाते, आणि मधली जी बारीक धूळ ना सरकीत ना रुईत, ती बायांच्या नाकातोंडात. संध्याकाळी तू घरी यायचीस तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आरशात बघून तूच म्हणायचीस, झाले बघ म्हातारी, आता तरी ताटावर बसवून खाऊ घाला.

आणि सोमवार. सोमवारी तुझा चेहरा मी ओळखायची. दुपारनंतर छातीवर कुणी पाय दिल्यासारखं व्हायचं तुला, अंगात कणकण, खोकला सुटेना. मंगळवारी जरा कमी. बुधवार-गुरुवारपर्यंत तू ठणठणीत. त्यावरून तू आणि तुझ्या मैत्रिणींनी एक शास्त्रच तयार केलं होतं. दुखणं कामानं येत नाही, सुटीनं येतं. रविवारी घरी बसलं की अंग सैल पडतं, छाती थंड होते, मग सोमवारी ती पेटायला त्रास देते, जिनाचं जुनं इंजिन द्यायचं तसा. "सुटी माले सोसत नई," असं तू चारचौघींत अभिमानानं सांगायचीस. मग तू रविवारीही जाऊ लागलीस. आणि खरंच, सोमवारचा त्रास कमी झाला. झालं, शास्त्र सिद्ध झालं. नवी बाई कामाला लागली की तुम्ही तिला पहिलं हेच शिकवायचात.

मी हसायची तुमच्या शास्त्राला. हसण्यापलीकडं काही केलं नाही, हे आता लिहिताना बोचतंय. मला वाटायचं, अडाणी बायांच्या गोष्टी. मी शाळेत इतिहास शिकवणारी, पण त्या सोमवारामागं काय आहे ते मलाही कुठं ठाऊक होतं?

तुला आठवतं, एकदा मी तुझ्या घरी उद्याच्या तासाची तयारी करत बसले होते? औद्योगिक क्रांतीचा धडा. तू भाकरी थापत म्हणालीस, मोठ्यानं वाच, मी पण शिकते. मी वाचलं. वाफेचं इंजिन, सुताच्या गिरण्या, खाणी, धुरानं काळी झालेली विलायतेतली शहरं, बारा-बारा तास राबणारी पोरं. तू सगळं नीट ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तुना पुस्तकमा बठ्ठं शे, आपलं जिन कोठे शे?"

पुस्तकात बाकी सगळं होतं, आपलं जिन नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि माझ्या पद्धतीनं सांगायला लागले. की आधी आपल्याकडं बाया घरीच हातचरकीवर सरकी काढायच्या. मग तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला मिळेना, साहेबाच्या गिरण्या उपाशी मरायला लागल्या. मग त्याला खानदेशच्या काळ्या मातीची आठवण झाली. त्याच सुमारास आगगाडी भुसावळपर्यंत येऊन पोचली. कापूस दाबून भरला तर डब्यात जास्त मावतो, म्हणून रुळाच्या कडेला जिनं आणि प्रेस उभे राहिले, बॉयलर आले, धुराडी आली, आणि हातचरकी माळ्यावर गेली. तू तव्यावरची भाकरी उलटायची विसरलीस. म्हणालीस, "म्हंजे तठे लढाई व्हयनी म्हनीसन मनी छाती भरस?"

आपण किती हसलो होतो. भाकरी करपली तीही आपण दोघींनी हसत खाल्ली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तुझा प्रश्न सांगितला, पण तुझं नाव घेतलं नाही. एका ओळखीच्या बाईचा प्रश्न, असं म्हणाले. त्याचीही आज लाज वाटते.

पण तू काही जिनाला शिव्या देणाऱ्यांतली नव्हतीस. मी यंत्रानं माणूस कसा पिळला हे सांगायला लागले की तू चिडायचीस. तू म्हणायचीस, तुला काय माहीत पिळणं म्हणजे काय? तुझे आजोबा यावलकडच्या गावात होते तेव्हा कुणाचंही ढोर मेलं की हाक यायची, आणि हाकेला जावंच लागायचं, दिवस बघायचा नाही की दुखणं बघायचं नाही. जिनात आले आणि पहिल्यांदा त्यांना ठरलेल्या वेळी काम आणि ठरलेल्या वेळी सुटका मिळाली. मी म्हणायची, आणि जिनात पाण्याचा माठ? तो वेगळा होता ना आपल्या माणसांचा? त्यावर तू जे बोललीस ते मला अजून खोडता आलेलं नाही. तू म्हणालीस, "माठ वेगळा व्हता, पन भोंगा एकच व्हता. तो वाजला की बठ्ठा सुटायचे."

खरं आहे, वहिनी. त्या भोंग्यामुळंच माझे आजोबा जळगावात राहिले, बाबा शाळेत गेले, मी मास्तरीण झाले. हे नाकारलं तर मी कृतघ्न. पण त्याच भोंग्यानं तुला रोज आत नेलं, हेही खोटं नाही. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं, हे मी इतकी वर्षं शिकवूनही मला नीट सांगता येत नाही.

आणि आपलं कडाक्याचं भांडण झालं ते गुळावरून. संध्याकाळी सुटताना मुकादम परातीत गुळाचे खडे घेऊन फाटकाशी उभा राहायचा, प्रत्येक बाईला एक. शेठच्या आजोबांनी सुरू केलेली पद्धत. गूळ खाल्ला की घशातला कापूस खाली उतरतो, छाती साफ होते, असं सगळ्या मानत. माझ्या आजोबांच्या काळी खडा वरून ओंजळीत टाकत, हात लागू नये म्हणून. तुमच्या काळी हातात देत. तुला त्याचं फार कौतुक. मी एकदा फटकन बोलले, की अगं, ज्यानं पहिल्यांदा हा गूळ वाटला त्याला माहीत होतं. धूळ छातीत जाते हे माहीत नसतं तर त्यानं गूळ कशाला वाटला असता? शंभर वर्षं त्यांना माहीत आहे आणि शंभर वर्षं ते गुळावर भागवतायत. तू हातातला खडा माझ्यापुढं आपटलास. म्हणालीस, कुणी माया केली तर तीही तुला खुपते, पुस्तकं वाचून डोकं सडलंय तुझं. दोन आठवडे बोलली नाहीस माझ्याशी. मग एक दिवस शाळा सुटायच्या वेळी कपड्यांवर रुई घेऊनच फाटकात उभी राहिलीस आणि विचारलंस, जेवलीस का? वाद मिटला नाही, नुसता थांबला. आता तो तसाच राहील, माझ्या बाजूनंच बोलत.

गेल्या गणपतीत जिन बंद असताना तुला दम लागायला लागला. तुझं शास्त्र तयारच, जिन बंद आहे म्हणूनच हे होतंय, हंगाम सुरू होऊ दे, बघ कशी चालते मी. तरी मी हट्टानं तुला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तुझं माहेर जवळ, म्हणून तू तयार झालीस. नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला. डॉक्टरीण लहान होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनी असतील त्या वयाची. तिनं फोटो उजेडाकडं धरला आणि तुझ्याकडं न बघताच विचारलं, "मावशी, आधी आधी सोमवारी जास्त व्हायचं का?"

तू माझ्याकडं असं बघितलंस जणू मीच तिला आधी सांगून ठेवलं होतं. मी काही सांगितलं नव्हतं गं. तिनं समजावून सांगितलं. धुळीची सवय सुटीत मोडते, म्हणून सोमवारी छाती आवळून घेते, ओरडते. बुधवारपर्यंत ती ओरडायची थांबते. आपल्याला वाटतं बरं झालं. बरं होत नाही, फक्त तक्रार थांबते. रविवारी सुद्धा कामाला गेलं तर तक्रारच उरत नाही, आणि धूळ मात्र रोज आत. सोमवारचा त्रास होता तोवर वेळ होता, एवढं ती म्हणाली; आता फार उशीर झाला, असं म्हणाली नाही. पण औषधं लिहिताना तिचा आवाज खाली आला, त्यावरून मला कळलं. तुलाही कळलं.

परतीच्या एसटीत तू खिडकीकडं तोंड करून बसलीस. पारोळ्याला गाडी थांबली, कंडक्टर चहाला उतरला, तेव्हा तू माझा हात धरून शपथ घातलीस. मनीषाचा पहिला हंगाम आदल्याच वर्षी झाला होता. तूच तिला तुझ्या शेजारच्या रेच्यावर लावलं होतंस, तूच रविवारचं शास्त्र शिकवलं होतंस. "मना गयानी आण शे तुले, पोरले नको सांगजो. तिले कळनं तं ती माले काय म्हनी?" दमा आहे, चुलीच्या धुरानं झालाय, असंच सगळ्यांना सांगायचं ठरलं. मी म्हटलं, निदान तिला रविवारी जाऊ नको म्हणून तरी सांग. तू म्हणालीस, सांगते. सांगितलं नाहीस. मला ते माहीत होतं आणि मी पुन्हा विचारलं नाही.

का विचारलं नाही ते आज कबूल करते. तुझी शपथ मला सोयीची होती. शेठ आमच्या शाळेच्या संचालक मंडळात आहेत. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. जिनातल्या धुळीनं माझी भावजय मेली, हे माझ्या तोंडून बाहेर पडलं तर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये मला काय ऐकून घ्यावं लागेल याचा विचार मी त्या पारोळ्याच्या स्टँडवरच केला होता, तुझा हात माझ्या हातात असताना. तू सुनेला घाबरलीस, मी शेठला. तुझी भीती माझ्यापेक्षा चांगली होती.

शेवटच्या दिवसांत तुला आडवं होता येईना. उशांचा ढीग करून बसवायचो. मी सकाळी शाळेआधी यायची, शाळा सुटली की पुन्हा यायची. तू रोज विचारायचीस, आज वार कोणता? मी सोमवार असला तरी मंगळवार सांगायची. तुला ते कळायचं, तू हसायचीस आणि मग खोकला यायचा. मला तुला किती सांगायचं होतं. मी नोकरीला लागले तेव्हाचा पहिला महिना; स्टाफरूममध्ये आडनाव ऐकून दोघींनी आपला डबा सरकवून घेतला होता. मी घरी येऊन काहीच बोलले नव्हते. तू मात्र ओळखलंस. दुसऱ्या दिवशी जिनातून मधल्या सुटीत पळत आलीस, केसांत रुई, अंगाला सरकीच्या तेलाचा वास, आणि शाळेच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसून मला सगळा डबा संपवायला लावलास. सगळी शाळा बघत होती. त्यानंतर मी कधी एकटी जेवले नाही, कारण मला एकटं जेवायची भीतीच उरली नाही. हे तुला एकदाही सांगितलं नाही. उपकार मानायचे म्हटलं की आपल्या घरात जीभ जड होते.

तर त्या ओट्यावर बसले होते ते सांगत होते. तीन दिवस मी काहीच केलं नाही. मनीषाला सांगावं तर तुझी शपथ, न सांगावं तर ती पुढच्या रविवारी पुन्हा जाणार, त्याच्या पुढच्या रविवारीही. ती सव्वीस वर्षांची आहे, वहिनी. तिची छाती अजून ओरडतेय. ओरडतेय म्हणजे वेळ आहे. मला डॉक्टरणीचं तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. बुधवारी शाळा सुटल्यावर मी मेहरूणला घरी न जाता तडक तुझ्याकडं गेले. ती नुकतीच आली होती, तोंड धूत होती. भुवया पांढऱ्या.

मी तिला बसवून सगळं सांगितलं. धुळ्याच्या दवाखान्याचा कागद दाखवला. सोमवार म्हणजे काय, बुधवार म्हणजे काय, रविवारी काम केल्यानं काय होतं, सगळं. तू गेलीस ते दम्यानं नाही हेही सांगितलं. तिनं कागद हातात घेतला. कागदावरची तारीख बघत राहिली. ती तारीख तिला कळली. त्या तारखेनंतर तूच तिला हंगामाच्या पहिल्या दिवशी डबा बांधून दिला होतास.

मग तिनं विचारलं, "आईंना हे माहीत होतं?"

वहिनी, आयुष्यभर मी पोरांना शिकवलं, की खोटं सांगायचं नाही, इतिहासात तर नाहीच नाही. पण तिचा चेहरा बघितला आणि मला पारोळ्याचा स्टँड आठवला. मी म्हणाले, "नाही. डॉक्टरांनी मला एकटीलाच बाजूला घेऊन सांगितलं. मी तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

याचं उत्तर मला खोटं द्यावं लागलं नाही. मी म्हणाले, शेठ आमच्या संस्थेत आहेत, मला माझ्या नोकरीची भीती वाटली. मग ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. मी चपला घालून बाहेर पडले.

रविवारी ती घरी राहिली. शेजारच्या बाईंनी सांगितलं. जिन तिनं सोडलेलं नाही, सोडून जायचं कुठं? पण रेच्यावरून काढून बाहेरच्या वजनकाट्यावर काम द्या, आणि आतल्या बायांच्या छात्या तपासा, असा अर्ज तिला हवा होता. मागितला तो शेजारच्या बाईंच्या हातून, स्वतः येऊन नाही. मी लिहून दिला आणि खाली माझं नाव, शाळेचं नाव घालून सही केली. आज सकाळी तो मुकादमाकडं गेला. दिवसभर वर्गाच्या दारात शिपाई दिसला की मी खडू खाली ठेवत होते. अजून बोलावणं आलेलं नाही. उद्या येईल.

मनीषा माझा फोन उचलत नाही. मघाशी मी तुझ्या गल्लीतून मुद्दाम चक्कर मारली, आत जायचा धीर झाला नाही. खिडकी उघडी होती. ती कामावरून आली होती, आणि हातपाय धुवून तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावत होती.